भट्टीवाल्याचं दूध

कोहका, भिलाई
११ ऑक्टोबर २०२३

पोरी प्रेरणा,

जय भीम. अक्षर पाहून दचकू नको, कोन्या लेकरानं नाही लिहिलं. मीच लिहून राहिली, तुही गयामावशी, पन डाव्या हातानं. उजवा पलस्तरात आहे.

तुह्या मायनं, विजयानं, मोहन नगरातून फोन करून तुले सांगितलंच असन का मावशी पडली. ते काही पडनं नोतं वं. नळाजवळ शेवाळ होतं, पाय सरकला, हात टेकला, बस. लेकरं असे दिवसभर पडतात अन् झटकून उठतात. माह्या मनगटातून सुकली काडी मोडल्यासारखा आवाज आला.

आता खरी गोष्ट आयक. तुह्या नरेशदादानं मले न विचारता माहे डबे खानाऱ्या जुनवानीच्या सगळ्या पोट्ट्याईले फोन केले, "आज से माँ का डब्बा बंद." माहाच पोरगा, अन् माह्याच चुलीले कुलूप! तुहे मावसाजी खाटेवरून म्हनाले, "बरं झालं. बहुत केलं, आता आराम कर." आराम म्हने! कॉलेजचे पोट्टे, प्लांटातले ठेक्यावरचे लोक, इतकी सालं माह्या हातचं खाऊन राहिले. मले थांबाचं आहे का, हे कोनी विचारलं नाही. डबे बंद म्हन्जे मी बंद, पोरी. टीव्हीसमोर बसवून ठेवतीन अन् दोन टाइम विचारतीन, "माँ, कुछ चाहिए?" चाहिए ना. माही चूल चाहिए.

डाक्टरनं रक्त तपासलं. रिपोर्टात कॅल्शियम नॉर्मल. नरेश तो कागद माह्या नाकासमोर हलवून म्हन्ते, "देख माँ, कॅल्शियम तो नॉर्मल है. ये उमर का असर है." सत्तावन्न काही उमर होय काय? तू तिकडे पुन्यात उंदराईच्या हड्ड्या तपासून राहिली म्हन्ते विजया. मंग मले सांग, कॅल्शियम नॉर्मल, तर हड्डी मोडली कावून? अन् बुद्धपौर्णिमेची विहारातली खीर दरसाल मी घाटते. येत्या पौर्णिमेले घाटीन का नाही, ते बी सांग. गोड गोड नको सांगू.

फोनवरच विचारलं असतं, पन नरेश फोन स्पीकरवर टाकते अन् अख्खं घर आयकते. चिठ्ठी बरी. मराठी वाचाचा त्याले कंटाळा, दोन ओळी पाहून ठेवून देते.

तुही मावशी,
जिचा हात मोडला, तोंड नाही.


पुणे
२० ऑक्टोबर

मावशी,

तुझं पत्र हॉस्टेलच्या गेटवर उभी राहूनच वाचलं. इथे माझ्या तोंडून "मले" निघालं की रूममेट्स हसतात, म्हणून मी इथे हिंदीतच बोलते. पण तुले लिहिताना मी "मले"च लिहिणार. हसू दे त्यांना.

अब सुन. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल म्हणजे हाडातलं नॉर्मल, असं नसते. रक्तात ते कमी पडलं तर हृदय अन् स्नायू बिघडतात, म्हणून शरीर ते कमी पडूच देत नाही. गळ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी आहेत. त्या रक्तावर पाळत ठेवतात. जेवणातून कॅल्शियम आलं नाही की त्या एक हार्मोन सोडतात, त्याचं नाव पीटीएच. ते हाडातल्या पेशींना जाऊन म्हणते, द्या. हाड बिचारं देते. रोज देते. अन् तुमचा रिपोर्ट नॉर्मल येते. हाडानं भरून दिलं म्हणून नॉर्मल, मावशी! नरेशदादा जो कागद हलवून राहिला तो तुझ्या हाडाच्या जिवावर नॉर्मल आहे.

माझं काम नेमकं हेच आहे. उंदरांच्या एका गटाला पुरेसं कॅल्शियम देते, दुसऱ्याला तेच खाणं, पण कॅल्शियम फार थोडं. मग त्यांच्या हाडातल्या पेशी बशीत वाढवते अन् वरून हार्मोन टाकते. चांगलं खाल्लेल्यांच्या पेशी लगेच जाग्या होतात. दुसऱ्या गटाच्या पेशी थंड. हार्मोन तेच, तेवढंच. मतलब, यांच्या शरीरात ते हार्मोन आधीच इतके दिवस ओरडत होतं की पेशींनी कान झाकून घेतले. रोज ओरडणाऱ्याचं कोण ऐकते? पेशी ऐकत नाहीत म्हणून ग्रंथी अजून ओरडतात. बाहेरून सगळं नॉर्मल, आतून ही बोंबाबोंब.

डॉक्टरला पीटीएच तपासायला सांग. स्वतः सांग, दादाच्या तोंडून नको.

अन् एक खरं सांग. तुझ्या घरात दूध कोण पिते?

प्रेरणा


कोहका
१८ नोव्हेंबर

प्रेरणा,

पलस्तर निघालं. हात वाळल्या वांग्यासारखा झाला, पन लिहून उजव्यानंच राहिली.

डाक्टरले मीच म्हनलं, पीटीएच लिहा. तो चष्म्यावरून पाहाले लागला, "आपको किसने बताया?" मी म्हनलं, "घर में साइंटिस्ट है." रिपोर्ट आला. कॅल्शियम नॉर्मल, अन् तुहं हार्मोन वाढेल. बहुत वाढेल. डाक्टरनं नरेशलेच सुनावलं, "माताजी के खाने में कुछ नहीं है." नरेशचं तोंड पाहाले पायजे होतं तू.

आता दुधाचं. तू विचारलं अन् मी दोन दिवस इचार करून राहिली का मले कोनी विचारलं कावून नोतं.

मी लग्न होऊन भंडाऱ्याकडून इथं आली तवा माही सासू, सुशीलाबाई, पयल्याच दिवशी म्हनली, "दूध भट्टीवाल्याचं." तुहे मावसाजी प्लांटात लोखंडाच्या भट्टीवर होते. भट्टीचा धूर अन् धूळ छातीत बसते, दूध पेलं का खाली उतरते, असं सगळी वस्ती म्हने. तो ड्यूटीवरून आला का गरम दुधाचा ग्लास तयार. मंग नरेश शाळेत गेला, त्याचं डोकं चालावं म्हनून त्याचा एक ग्लास. आता तो बी प्लांटात ठेक्यावर लागला, म्हन्जे दोन भट्टीवाले. बायाईची चाय काली. सासू काली चायच पेत मेली. शेवटी कमरेत वाकून तिचं तोंड जमिनीकडे झालं होतं, अन् आमी म्हनत होतो, बुढापा.

जाऊ दे. नरेशनं आता मले बी एक ग्लास लावून देला, दवाई समजून. गोळ्या बी आनल्या. मावसाजी ग्लास मोजत बसले.

अन् आनंदाची गोष्ट, माह्या सुनेले, मोनाले दिवस गेले. नरेश उड्या मारून राहिला. पोरगी मात्र सुकून गेली, उलट्या होतात.

गयामावशी


पुणे
५ डिसेंबर

मावशी!

मोनावहिनीले माझ्याकडून घट्ट मिठी. आता तिच्याकडे लक्ष ठेव. पोटातल्या बाळाची हाडं आईच्या कॅल्शियमवरच बनतात. तिच्या जेवणात नसलं तर तिची हाडं देतात. तिले तीळ दे, मुनग्याचा पाला दे (इथे पुण्यात त्याला शेवगा म्हणतात), बारीक मच्छी काट्यासकट दे.

अन् तुझं काय विचारते! तू फक्त रोज तो ग्लास पी अन् गोळ्या घे. एक साल दे मले, भिलाईचं लोखंड करून दाखवते तुझ्या हाडाचं. माझ्या उंदरांना मी परत कॅल्शियमवर आणलं अन् त्यांच्या पेशी पुन्हा हार्मोनचं ऐकायला लागल्या. उंदीर ऐकते तर माझी मावशी नाही ऐकणार?

फेब्रुवारीत परत तपासून घे. पीटीएच खाली आलं की नरेशदादाच्या नाकासमोर तू कागद हलव.

प्रेरणा


कोहका
१२ फेब्रुवारी २०२४

प्रेरणा,

तपासलं. जसं होतं तसंच आहे. उलट थोडं वरच.

नरेश म्हनला, "देखा? दूध-वूध सब बेकार. ये उमर है माँ, मान ले." मी थोडे डबे चालू केले होते, मोना पोळ्या लाटे अन् मी भाजी करो. ते बी आता बंद करा म्हनून राहिला. अन् विहाराच्या मीटिंगमध्ये बाबाराव काय म्हनला मालूम? म्हने, "गयाबाईच्या हाताचा आता भरवसा नाही, खिरीची ऑर्डर हलवायाले देऊन टाका." सेक्रेटरी झाला म्हनून काहीबी बोलते. तुहे मावसाजी तिथंच बसले होते बाबारावच्या बाजूले, दोस्त ना त्याईचा. मान डोलावली त्याईनं. मी घरी येऊन त्याईले वाढलं नाही. "घ्या, हलवायाकडून घ्या," म्हनलं.

हलवायाची खीर! ज्या दिवशी सुजातेनं आपल्या हातानं तथागतासाठी खीर नेली, त्या दिवशी आमी ऑर्डर द्याची! मी भर मीटिंगमध्ये सांगून आली का हंडा मीच चढवीन. आता बोलून तर बसली.

तुहे उंदीर बरोबर आहेत ना वं?

मावशी


पुणे
२३ फेब्रुवारी

मावशी,

हे पत्र मी तीनदा फाडलं. मले माफ कर, मी फार बढाई मारली.

सीधी बात सांगते. माझे उंदीर तरुण आहेत अन् थोडेच दिवस उपाशी होते. तू सत्तावन्नची आहेस, पाळी जाऊन किती सालं झाली, अन् तुझी हाडं लग्नापासून देऊन राहिली. दूध पिऊन हाड लोखंडाचं होत नसते. जे गेलं त्यातलं थोडंच परत येते. मी "एक साल दे" म्हटलं ते तुले बरं वाटावं म्हणून. तू सांगितलं होतंस की गोड गोड नको सांगू, अन् मी तेच केलं.

पण एक गोष्ट मले अजिबात समजून नाही राहिली. हाड हळू भरते, मान्य. हार्मोन मात्र खाली यायला पाहिजे होतं. पोटातून कॅल्शियम आलं की ग्रंथींना ओरडायचं कारणच उरत नाही. तीन महिने रोज दूध, वरून गोळ्या, अन् हार्मोन वरच? माझ्या लॅबच्या सरांना तुझे रिपोर्ट दाखवले. त्यांनी एकच विचारलं, "पेशंट दूध पीती भी है?"

मावशी, मी भांडले त्यांच्याशी! भर लॅबमध्ये. म्हटलं, सर, माझी मावशी जगातल्या कोणालाही झापते, पण खोटं नाही बोलत. सर मायक्रोस्कोपमध्ये पाहत बसले. आता त्यांच्यासमोर जायची लाज वाटून राहिली, पण मी बोलले ते बरोबरच बोलले.

तुझी,
प्रेरणा


कोहका
४ मार्च

प्रेरणा,

तुह्या सरले माहा जय भीम सांग अन् म्हन, बरोबर वळखलं.

तुही डिसेंबरची चिठ्ठी आली तवापासून एक थेंब नाही पेली मी.

आता तू बोंबलशीन, बोंबल. आधी आयक. गोळ्याईनं माहं पोट दगड झालं, चार दिवस घेतल्या अन् ठेवून देल्या. अन् दूध मोनाले देऊन राहिली. तूच लिहिलं होतं, लेकराच्या हड्ड्या मायच्या हड्ड्यातून जातात. ते वाचलं अन् सकाळी पाहिलं तर ती पोरगी ओट्याजवळ उभी राहून काली चाय अन् रातची शिळी पोळी खाऊन राहिली होती. चौथा महिना! नरेश बाजूले बसून दूध पेऊन राहिला होता. मले माही सासू दिसली, तिची कंबर दिसली. म्हनलं, माह्या हड्ड्याईची भिंत पडली, इची अजून उभी आहे. तो ग्लास मी तिच्या हातात देला. ती नाही म्हने, डोळ्यात पानी आनलं. मी म्हनलं, चुपचाप पे, नाहीतर पोळ्या लाटू देनार नाही.

घरात सगळ्याईले वाटते मीच पेते. मोनाले मीच कसम घातली होती. तुले बी म्हनूनच नाही सांगितलं.

माफी मागून नाही राहिली मी. माहा ग्लास होता, मी पाहिजे त्याले देईन. अन् तू आपल्या सरशी भांडली ते मात्र मले लई आवडलं.

मावशी


पुणे
१२ मार्च

मावशी,

मी सरांना सॉरी म्हटलं. ते म्हणाले, "मेरी माँ भी ऐसी ही थी." जाऊ दे.

तुझ्यावर मात्र मले इतका राग आला की लॅबमध्ये बशी फुटली हातातून. वहिनीले दूध दिलं म्हणून नाही. ते बरोबरच केलं. राग कशाचा आला सांगू?

तू म्हणतेस माझा ग्लास, मी पाहिजे त्याला देईन. एक ग्लास! घरात रोज तीन ग्लास दूध गरम होते. दोन बायांनी मिळून एका ग्लासाची वाटणी केली, चोरून, कसम घालून. अन् बाकीच्या दोन ग्लासांकडे तुझी नजरच गेली नाही. बाबारावशी तू भर मीटिंगमध्ये भांडू शकतेस, डॉक्टरला हिंदीत सुनावतेस, अन् मावसाजींच्या ग्लासाला हात लावायचं तुझ्या मनातसुद्धा नाही आलं? कावून, मावशी?

अन् ते धूळ उतरायचं. दूध पोटात जाते अन् धूळ छातीत. दोन्हीचे रस्ते वेगळे. दुधानं आजपर्यंत कोणाच्या छातीतली धूळ धुतली नाही. ती धूळ मास्कनं थांबते. तुम्ही सगळ्या जणींनी एवढी सालं काली चाय पेली ती एका चुकीच्या समजुतीसाठी. बरं, खरी असती समजूत, तरी मावसाजींची भट्टी आता कुठं आहे?

उंदरांचं सोपं आहे. त्यांच्या पिंजऱ्यात खाणं मी ठेवते. तुझ्या घरात कोण ठेवते? तूच ना? चूल तुझी आहे असं म्हणतेस ना?

गोळ्यांचं डॉक्टरला सांग, दुसऱ्या मिळतात, जेवणासोबत घ्यायच्या. अन् यावेळी खरोखर घे.

प्रेरणा


कोहका
२० एप्रिल

माह्या रागीट पोरी,

तुही चिठ्ठी वाचून मी आठ दिवस कोनाशी नीट बोलली नाही. राग तुहाच आला होता. मंग खरं सांगते, माहाच आला. तू म्हनली ते शंभर टक्के खरं. मी दूध गरम करो अन् माहे हात आपोआप त्या दोन ग्लासाकडे जात. डोळे उघडे, अन् दिसे नाही.

महिला मंडळात भीम जयंतीच्या तयारीले जमलो तवा तुही चिठ्ठी मी सगळ्या बायाईले वाचून दाखवली, ती पयली उंदराईची बी. रागावू नको. बाबारावची बायको मनकर्णा, तिचे दोन्ही गुडघे गेले, तिनं तुह्या उंदराईचं दोनदा वाचाले लावलं. मंग मनकर्णा म्हनली, "म्हन्जे आपन त्या दुसऱ्या पिंजऱ्यातल्या."

जयंती धुमधडाक्यात झाली. अन् दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध गरम केलं. एक ग्लास मोनाले. एक मी घेतला. ओट्याजवळ उभी राहून नाही, खुर्चीवर बसून. अन् तुह्या मावसाजीसमोर काली चाय ठेवली.

त्याईनं कप वाकडा करून आत पाहिलं. "हे काय?"

"चाय."

"दूध?"

"ज्याईच्या हड्ड्याईले पायजे त्याईनं पेलं."

"अवं, भट्टीवाल्याले दूध पायजे!"

"कोनती भट्टी? तुमची भट्टी तर रिटायरमेंटच्या हाराबरोबरच थंडी झाली. आता या घरात भट्टीवर कोन उभं राहते सांगा. दोन शेगड्या, एप्रिलचं ऊन, डब्याईच्या पोळ्या. कोन उभं राहते? भट्टीवाली मी आहो. भट्टीवाली मोना आहे."

तवाच नरेश नाइट करून आला. "माँ, मैं शिफ्ट से आ रहा हूँ."

मी म्हनलं, "तुही शिफ्ट सुटली. तुह्या बायकोची तर सुटतच नाही, पोटातलं घेऊन उभी आहे. उरलं ते तुमा दोघाईचं, अर्धं अर्धं. कमी पडत असन तर एक थैली जास्त आन. पन वाटनार मी."

"अब घर में यही होगा क्या?" नरेश चिडला.

मले वाटलं होतं मोना खाली मान घालन. तिनं ओठावरची दुधाची मिशी पदरानं पुसली अन् म्हनली, "हाँ जी, यही होगा." अशी हसली मी, पोरी! ग्लास सांडता सांडता वाचला.

तुहे मावसाजी रुसून पायात चप्पल अडकवून निघाले. म्हने, मी बाबारावकडे दूध पेतो. गेले. अन् लवकरच वापस आले, खाटेवर बसले. मी विचारलं, "भेटलं काय?" ते भिंतीकडे पाहून म्हने, "तिथं बी कालीच आहे." मनकर्णानं बाबारावले बी तेच वाढलं होतं. दोघं दोस्त समोरासमोर बसून काली चाय पेऊन राहिले होते.

मंग दोन दिवस घरात तोंडं फुगलेली होती. फुगू दे. घरोघरी मातीच्या चुली, पन चुलीजवळ बसनारीनं फुंकर मारली का धूर दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. आता नरेश एक थैली जास्त आनते, बडबड करत आनते, पन आनते. जुनवानीच्या उरलेल्या पोट्ट्याईले मीच फोन केला, स्पीकरवर, त्याच्यासमोर. "डब्बा चालू."

नव्या गोळ्या जेवनाबरोबर घेऊन राहिली. खोटं नाही बोलत यावेळी. पाहिजे तर मोनाले विचार.

भट्टीवाली


पुणे
२८ एप्रिल

मावशी,

लॅबमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. सरांना सुद्धा. रूममेट मराठीतून विचारून राहिली, "मले पण एक ग्लास देशील काय?" अन् ते "मले" तिनं हसून नाही म्हटलं.

पौर्णिमेला यायचं फार मनात होतं, पण त्याच आठवड्यात माझं सादरीकरण आहे. उंदरांवर बोलायचं आहे. समोरचे लोक विचारतील, याचा माणसाशी काय संबंध? विचारू दे. मी तयार आहे.

हंडा एकटी उचलू नको. हाड अजून तेच जुनं आहे, हे विसरू नको. यावेळी मी गोड नाही बोलून राहिली.

प्रेरणा


कोहका
२५ मे २०२४

प्रेरणा,

आधी दोन बातम्या. मोनाले पोरगी झाली, दोघीबी टनटनीत. अन् माहं हार्मोन खाली आलं. पुरं नाही, पन डाक्टर म्हनला, "अच्छा है, चालू रखो." नरेशच्या नाकासमोर कागद नाही हलवला मी. त्याच्या हातात देला अन् म्हनलं, वाच. वाचला त्यानं, मोठ्यानं.

आता खीर.

बाबारावनं हलवायाले सांगितलंच होतं. मनकर्णानं जाऊन ऑर्डर मोडली. मंडळाच्या आमी बायाईनं मिळून हंडा चढवला, तू म्हनली तसा, एकटीनं नाही. घाटली मात्र मीच, उजव्या हातानं. दुखलं. दुखलं तर दुखलं. मधातच बाबाराव येऊन म्हने, "गयाबाई, झेपत नसन तर राहू द्या." मी म्हनलं, "बाबारावजी, सरका, उडन अंगावर."

वंदना झाली. पयली वाटी तथागताच्या समोर ठेवली. मंग दरसालची रीत तुले मालूम आहे. मानसं ओळीनं बसतात, मंग लेकरं, अन् बाया सगळ्यात शेवटी हंडा खरवडतात. मी इतकी सालं खीर घाटली, मले खिरीची चव खालच्या करपल्या खरवडीवरूनच मालूम. बाबारावनं वाढाले पळी उचलली. मी त्याच्या हातातून घेतली.

म्हनलं, "औंदा ज्याईनं घाटली त्या आधी बसतीन. अन् जिच्या पोटात लेकरू आहे, जिच्या कडेवर आहे, त्या आधी बसतीन."

बाबाराव म्हनला, "ऐसा कभी हुआ है क्या?"

"आता झालं."

"अवो बाई, सुजातेनं खीर देली होती. खाल्ली नोती."

मले काय सुचलं कोनास ठाऊक. मी म्हनलं, "तिनं देली, तेवढं तुमी सांगता. उपाशी राहून कोनाचंच भलं होत नाही, हे त्या खिरीवरूनच तथागतानं जानलं ना? मंग तिनं घरी जाऊन खाल्ली का नाही, हे आजपर्यंत कोनी विचारलं? मी विचारून राहिली. सांगा."

मनकर्णा गुडघे धरत धरत खाली बसली, अगदी मधात, जिथं बाबाराव बसते तिथं. तिच्या बाजूले मोना, मांडीवर पोरगी. मंग एक एक करून सगळ्या बसल्या. मी वाढलं. मानसं भिंतीले टेकून वाट्या घेऊन उभी. तुहे मावसाजी हळूच जवळ आले, वाटी पुढं करून विचारलं, "आमाले भेटन ना?"

मी म्हनलं, "उरली तर."

उरली, पोरी. चांगली अर्धा हंडा उरली, कोनी उपाशी नाही राहिलं. पन उभे होते तवा त्याईले मालूम नोतं का उरन का नाही. ते उभं राहनं आमी सगळ्या बायाईनं सासऱ्याच्या, नवऱ्याच्या, पोराच्या जेवनाजवळ जलमभर केलं. त्याईचा तो पयलाच दिवस होता.

मंग मी माही वाटी भरून घेतली, वरच्या साईची. मनकर्णाच्या बाजूले बसली अन् सगळ्याईच्या समोर, काहीच घाई न करता, सावकाश खाल्ली.

तुही,
गयामावशी